समुद्रावरचा रोवणा

परवा बाजारात तरोट्याची भाजी विकणारी नेहमीची बाई जागेवर नव्हती. शेजारच्या पाटीवालीला विचारलं, तर मान वर न करता ती म्हणाली, "ते गेली ना रोवन्याले. आता नाई दिसत तुमाले पोळ्यापर्यंत." झालं. एवढं ऐकलं आणि माझं बाजारातलं लक्ष उडालं. कांदे घ्यायचे होते ते राहिले. घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि पंखाही न लावता बसून राहिले. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की आमच्या भंडारा जिल्ह्यात हे असंच होतं. धुणंभांडी करणाऱ्या बाया न सांगता गायब होतात, मोहाडीकडून येणाऱ्या बसच्या पायरीवर ओला चिखल दिसतो, दुपारी गावांत कोंबड्या आणि म्हातारी माणसं तेवढी उरतात. आणि मला मात्र समुद्र आठवतो.

हसा खुशाल. रोवणा म्हटल्यावर माणसाला चिखल आठवावा, ओल्या पऱ्ह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा, हिरवा वास आठवावा, वाकून वाकून दुखणारी कंबर आठवावी. मला निळंशार, खारं, तळापर्यंत दिसणारं पाणी आठवतं. दोन वर्षांपूर्वी ऐन रोवण्यात मी आणि माझी मोठी बहीण युरोपात, क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, आठवडाभर एका बोटीतून बेटामागून बेटं फिरत होतो. माझी बहीण मागच्या थंडीत गेली. त्या आठवड्याबद्दल मी कोणाशी धड बोललेली नाही. लोक विचारतात, "मग, कशी झाली फॉरेनची ट्रिप?" मी म्हणते, "छान झाली." दुसरं काय सांगणार?

बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. आमची आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की आईचा चेहराही मला आठवत नाही. बाप त्याच्या आधीच गेला होता. बाईचं तेव्हा नुकतंच लग्न होऊन ती सिहोऱ्याला नांदत होती. आईच्या मातीला म्हणून आमच्या गावी, करडीला आली ती राहिलीच. तिला नवऱ्यानं टाकली, असं गावात बोलायचे आणि मीही मोठी होईपर्यंत तेच धरून चालले. बाई त्यावर हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिनं मला वाढवलं. दुसऱ्याच्या बांदीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धान रोवून, दुसऱ्याचा धान कापून, हिवाळ्यात वीटभट्टीवर जाऊन तिनं मला शाळेत घातलं, कॉलेजात घातलं. मला भंडाऱ्याला सरकारी ऑफिसात नोकरी लागली त्या दिवशी तिनं वस्तीत सगळ्यांना साखर वाटली आणि स्वतः मात्र तोंड गोड करायची विसरली. माझी मुलगी रुपाली तिच्याच मांडीवर वाढली. मी ऑफिसात, हिचे पापा दौऱ्यावर, पोर मावशीजवळ.

मी तशी काही हळवी बाई नाही हो. ऑफिसात माझ्यामागं मला मिरची म्हणायचे, मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. पण बाई विसरायला लागली तेव्हा मी हादरले. आधी गॅस सुरू ठेवायची, मग घरचा रस्ता चुकायची. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. रस्ता विसरली, दिवस विसरली, जेवलेली विसरली, ते सगळं मी निभावून नेलं. एक दिवस सकाळी मी चहा घेऊन गेले, तर माझ्याकडं पाहून तिनं पदर सावरला आणि परक्या बाईला विचारतात तसं विचारलं, "कोन पायजे?" त्या दिवशी मात्र मी चहा तिथंच ठेवून बाहेर आले.

संध्याकाळी परत ती मला 'सुमे' म्हणाली. मग कधी म्हणायची, कधी नाही. मी वाट पाहत बसायची. दिवसातून एकदा सुमे म्हटलं की माझा तो दिवस बरा जायचा. मग आठवड्यातून एकदा झालं. मग तेही थांबलं.

रुपाली जर्मनीत नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "आई, मावशीनं नागपूरच्या दीक्षाभूमीपलीकडं काही पाहिलं नाही. मी जुलैत सुट्टी काढते. आपण तिघी बोटीनं फिरू. कदाचित वेगळं काही पाहून तिचं डोकं जरा उघडेल." मी नाही म्हणायला हवं होतं असं नातेवाईक म्हणाले. पण मला लोभ सुटला. हवापालट झाली, सुखाचे चार दिवस मिळाले, तर बाई ताळ्यावर येईल आणि मला एकदा तरी नावानं हाक मारेल, एवढाच लोभ. त्यासाठी मी तिला कुठंही न्यायला तयार होते.

व्हिसाच्या ऑफिसातलं यंत्र तिच्या बोटांचे ठसे घेईना. तिथल्या पोरीनं तिची बोटं पुसून पाहिली, क्रीम लावून पाहिलं, दाबून पाहिलं. बोटं गुळगुळीत. आयुष्यभर पऱ्हे धरून, चिखलात खुपसून रेषा कुठून राहणार? बाई शहाण्या मुलीसारखी हात पुढं करून बसली होती आणि त्या पोरीला म्हणत होती, "घे ना वं, घे. मले काय करायचं हाय आता त्याईचं?" शेवटी कसंबसं जमलं.

आता त्या बोटीबद्दल सांगते. आपण टीव्हीवर पाहतो तसं दहा मजली जहाज नव्हतं ते. लाकडी, पांढरी, छोटेखानी बोट. खाली झोपायच्या खोल्या, वर जेवायची लांब टेबलं, त्याच्याही वर ऊन खायला गाद्या. जर्मन म्हातारे-म्हाताऱ्या, दोन-तीन जोडपी आणि आम्ही तिघी. स्प्लिट नावाच्या गावातून निघायचं, रोज दुपारी कुठल्यातरी खाडीत थांबून लोकांनी पोहायचं आणि संध्याकाळी नव्या बेटाच्या धक्क्याला लागायचं. धक्क्याला जागा कमी, म्हणून बोटी एकमेकींना खेटून बांधतात. किनाऱ्यावर उतरायचं तर दुसऱ्यांच्या बोटीतून, त्यांच्या जेवणाच्या टेबलांमधून, "माफ करा हं" करत जावं लागतं. बाईला हे फार पटलं. वस्तीतल्यासारखं एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात. ती प्रत्येक बोटीतल्या लोकांना हात जोडून "जयभीम" म्हणत जायची आणि ते गोरे लोकही हात जोडायचे.

पहिल्या सकाळी मला जाग आली तर बाई तयार होऊन बसलेली. अंघोळ केलेली, केस घट्ट बांधलेले आणि लुगडं गुडघ्याच्या वर खोचून कासोटा मारलेला. कितीतरी वर्षांनी मी तिला तशी पाहिली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिच्या पोटऱ्या काठीसारख्या दिसत होत्या. मला म्हणाली, "आज कोनाच्या बांदीत?"

मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं आणि हसू जागच्या जागी विझलं. रोवण्याच्या दिवसांत करडीच्या बाया टोळी करून परगावी जायच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आज या गावी, उद्या त्या गावी. शाळेच्या व्हरांड्यात ओळीनं झोपायचं, तीन दगडांवर भात शिजवायचा, उजाडायच्या आत कासोटा मारून नव्या मालकाच्या बांदीत उतरायचं. रोज नवं गाव, ओळीनं झोपलेली अनोळखी माणसं, पहाटे इंजिनाची घरघर. बोटीवर हे सगळं जसंच्या तसं होतं. माझ्या बहिणीच्या दृष्टीनं ती रोवण्यावर आली होती. क्रोएशिया बिएशिया आमच्यासाठी.

तिची चूक काढायला जागाच नव्हती हो. ऐन हंगाम होता. चहूकडं पाणी होतं. दुपारी खाडीत बोट थांबली की बाया-माणसं अर्ध्या कपड्यांनी शिडीवरून पाण्यात उतरायची, तेही तिला नवलाचं वाटलं नाही. रोवणाऱ्या बाया भिजणारच. ती फक्त कौतुकानं म्हणायची, "लय गोऱ्या हाये पन कामाले भेत नाईत." मग स्वतः शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायची. पाणी इतकं स्वच्छ की खालचे गोटे मोजावेत. ती वाकून वाकून पाहायची. "चिखल काहून नाई केला यायनं?" असं मला विचारायची, आणि मी ती पाण्यात पडू नये म्हणून तिच्या खांद्याला धरून बसायची.

बेटांवरची शेतंही तिला रुचली नाहीत. डोंगराच्या उतारावर दगड रचून केलेले धुरे, त्यांच्या आत लाल कोरडी माती, द्राक्षांचे वेल, ऑलिव्हची राखाडी झाडं. झाडांवर किडे दिवसभर असे किर्र ओरडायचे की कान बधिर व्हावेत. लव्हेंडरच्या फुलांचा वास गल्लीबोळांत भरलेला. सगळे त्या वासानं वेडे झाले होते आणि बाई बिचारी काळजीत पडली होती. "एवढं पानी उशाले आन् बांद्या कोरड्या! कोनी सोडत काहून नाई? पऱ्हे पिवळे पडून जातीन ना!" रुपालीनं तिला ऑलिव्ह खायला दिलं. तिनं तोंडात घातलं, थुंकून टाकलं आणि म्हणाली, "कायचे वं बोरं हे? मीठ खाल्लेले." मासे मात्र तिनं चाटूनपुसून खाल्ले. निखाऱ्यावर भाजलेले बोटभर मासे, वर लिंबू. आमच्या तलावातल्या माशांची चव नाही म्हणाली, पण खाल्ले.

मला ती ओळखत नव्हतीच, पण बोटीवर तिनं मला एक जागा दिली. माझ्या डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा. तिच्या ताटात काय वाढायचं ते मी सांगणार, गोळ्या मी देणार, इथं बस, तिथं जाऊ नको, हे सगळं मीच म्हणणार. असं कोण करतं? मालकीण करते. दुसऱ्या दिवशीपासून ती मला मालकीणबाई म्हणायला लागली. मी खुर्चीवर बसले की ती खाली लाकडी फळ्यांवर बसायची. वर ये म्हटलं की म्हणायची, "नाई नाई, चिखलाचे पाय हाये माहे."

ह्वार नावाच्या बेटाला बोट लागलेली असताना माझा तोल गेला. सगळे नाश्त्याला बसले होते. बाई परत खाली बसली. मी तिला दंडाला धरून उठवली आणि ओरडले, "बाई, मी सुमन आहे! सुमी! तुझी सुमी! पहा माझ्याकडं!" चमचे थांबले. सगळी बोट पाहायला लागली. बाई घाबरून उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर धरला आणि हळूच म्हणाली, "हो मालकीनबाई." मी खाली खोलीत जाऊन उशीत तोंड घालून रडले. लहानपणी रडायचे तशी, हुंदके देऊन. मला माझ्या बहिणीनं ओळखायला हवं होतं. साठी उलटलेल्या बाईनं असं मागू नये, पण मला हवं होतं.

रुपाली येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. ती माझ्यासारखी तिखट नाही, मावशीवर गेली आहे. म्हणाली, "आई, कशाला भांडतेस तिच्याशी? होऊन जा ना मालकीण. तिला बरं वाटतंय तर." मी म्हटलं, "तुला सोपं आहे बोलायला. तुला ती पोरी म्हणते, तू कोणीही असलीस तरी पोरगीच दिसतेस." रुपालीनं उशी माझ्या डोक्याखाली नीट सरकवली. तिचेही डोळे भरले होते.

त्याच दिवशी दुपारी बाईचा बिछाना झटकताना उशीखाली मला पाव सापडले. बोटीवरचे छोटे गोल पाव, जेवणाच्या रुमालात नीट गुंडाळलेले. काही ताजे, काही दगडासारखे झालेले. मला वाटलं, पोट भरत नसेल हिचं. विचारलं, "हे कायले ठेवलं?" ती माझ्या हातातून गाठोडं घेत ओशाळून हसली. "लहानीले," म्हणाली. "घरी आहे लहानी माही. शेजारच्या काकूपाशी ठेवून आली. तिले पाव लय आवडते."

लहानी म्हणजे मी. मी तिच्यासमोर उभी होते, पांढऱ्या केसांची, गुडघे दुखणारी, आणि मी घरीही होते, काकूच्या ओसरीवर.

खरंच होते की. रोवण्याचे ते दिवस मला अजून जसेच्या तसे दिसतात. काकू चांगली होती, पण तिच्या घरात मला भात गिळायचा नाही. संध्याकाळी मी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायची. पाळीवरून सगळा रस्ता दिसतो. पलीकडं बांद्यांमध्ये कोणी नवा रोवलेला धान, अजून माना टाकलेला, पाण्यात आभाळ, बगळे. ट्रॉली दूर दिसली की बायांचं बोलणं आधी ऐकू यायचं, मग हसणं, मग बाई. ती उडी मारून उतरायची आणि मला उचलायची. तिच्या अंगाला चिखल, घाम आणि ओल्या पोत्याचा वास असायचा. रात्री मी तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल आणि हळद भरायची. दिवसच्या दिवस पाण्यात राहून तिथली कातडी पांढरी होऊन सोललेली असायची. ती दात आवळून म्हणायची, "गुदगुल्या नको करू वं, सुमे." मला तेव्हा खरंच वाटायचं की तिला गुदगुल्या होतात.

त्या दिवसानंतर मी तिला सुमन, सुमी काही म्हणून दाखवलं नाही. पाव दिसले तरी काढले नाहीत, फक्त शिळे बदलून ताजे ठेवत गेले. बोटीवर काम करणारी एक मारिया होती, ती कळून न कळल्यासारखी बाईच्या ताटाशेजारी रोज एक जादा पाव ठेवायला लागली. तिची आजीही असंच काहीबाही साठवायची, असं ती रुपालीला म्हणाली.

कोर्चुला बेटाहून परतताना बोटीवर कप्तानाची मेजवानी होती. शेवटच्या संध्याकाळी कप्तान पांढरा शर्ट घालून सगळ्यांसोबत जेवायला बसतो, गाणी होतात, टाळ्या होतात. तिकडं उन्हाळ्यात ऊन जाता जात नाही, त्यामुळं जेवण उजेडातच. बाई पहिल्यांदाच खुर्चीवर बसली होती आणि सगळ्यांकडं पाहून हसत होती. लोकांनी टेबलावर ताल धरला तशी तिनंही टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा फुलला होता. मी म्हटलं, चला, आज तरी खूश आहे.

आणि मग तिनं समोरच्या वाटीतल्या चॉकलेटच्या खिरीत चारही बोटं बुडवली, उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि कप्तानाच्या दोन्ही गालांना ती खीर सपासप फासली.

टाळ्या थांबल्या. कोणाला काही कळेना. मला मात्र कळलं. आमच्या गावात शेवटच्या बांदीत शेवटची पेंढी रोवून झाली की बाया मालकाला गाठतात आणि त्याच्या तोंडाला चिखल फासतात. तो पळाला तर धुऱ्यावर आडव्या होऊन अडवतात. मटणाचं जेवण कबूल केल्याशिवाय त्याला बांदीबाहेर पाय टाकू देत नाहीत. वर्षभर ज्याच्यासमोर मान खाली घालायची, त्याच्या थोबाडाला त्या दिवशी हक्कानं हात लावायचा. बाई त्यात सगळ्यांत पुढं असायची, असं टोळीतल्या बाया सांगायच्या. भला मोठा पोटवाला पाटील असो, बाईनं त्याला सोडलं नाही. आता तिनं चिखल शोधला असणार, मिळाला नाही, म्हणून जे मिळालं ते घेतलं.

रुपालीनं घाईघाईनं कप्तानाला सांगितलं. तो धिप्पाड माणूस क्षणभर तसाच बसला, गालांवरून खीर ओघळतेय. मग तो उठला, बाईपुढं वाकला आणि तिच्या हातात हात देऊन काहीतरी म्हणाला. रुपालीनं सांगितलं, "मावशी, ते म्हणतात जेवण कबूल." बाई अशी खळखळून हसली की मी तिला तसं हसताना कधी पाहिल्याचं मला आठवेना. मग सगळेच हसले, जर्मन म्हाताऱ्या डोळे पुसत हसल्या. मीही हसले. हसता हसता मी थांबले, कारण चिखल लावला म्हणजे तिच्या लेखी रोवणा सरला होता, आणि रोवणा सरला की बाया घरी जातात.

आठवताना इथं येऊन मी नेहमी थबकते. पुढचं सांगायच्या आधी घरी परतल्यावरचं सांगून टाकते, ते थोडंच आहे. भंडाऱ्याला आल्यावर बाईनं बोटीचं एकदाही नाव काढलं नाही. रुपालीनं फोटो पाठवले, ते मी तिला दाखवायची, ती बोटीतल्या त्या कासोटा मारलेल्या म्हातारीकडं पाहून म्हणायची, "कोन वं हे? कामाची दिसते." त्यानंतर बोलणं कमी झालं, खाणं कमी झालं. मागच्या थंडीत एका सकाळी ती उठलीच नाही. मी जवळ होते. माझा हात तिच्या हातात होता, पण कोणाचा हात म्हणून तिनं धरला होता, हे मला माहीत नाही. करडीला नेऊन वंदना घेतली, सगळं रीतीनं केलं. टोळीतल्या उरलेल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या आल्या होत्या. रडल्या, मग तिच्या गमती सांगून हसल्या, मग परत रडल्या.

लोक मला धीर द्यायला म्हणतात, आतून ती ओळखत असेल हो, फक्त सांगता येत नसेल. मी मान हलवते. नव्हती ओळखत. मला खोटं बोललेलं सहन होत नाही, गोड असलं तरी. पण मग मला बोटीवरची ती शेवटची सकाळ आठवते.

बोट परत स्प्लिटच्या धक्क्याला लागली होती. लोक सामान बाहेर काढत होते, एकमेकांचे नंबर घेत होते, रुपाली टॅक्सी पाहायला गेली होती. वरच्या टेबलापाशी मी एकटीच बसले होते. बाई आली. कासोटा सोडून लुगडं पायघोळ नेसलेलं, केसांना पाणी लावून भांग काढलेला, माणसं गावाला जाताना करतात तसा. आज ती खाली बसली नाही. समोर उभी राहिली, हात जोडले.

"मालकीनबाई, रोवना सरला. आता जाऊ द्या मले."

 मला रुपालीचं 'होऊन जा ना मालकीण' आठवलं आणि मी चष्मा काढून ठेवला. म्हटलं, "बस थोडी. कुठं जातं?"

"करडीले. घरी लहानी आहे."

"तुया नवऱ्याचं घर तं सिहोऱ्याले आहे ना? तिकडं नाई जात?"

हे मी का विचारलं ठाऊक नाही. तिची बहीण म्हणून मी ते तिला कधी विचारू शकले नव्हते. मालकिणीनं विचारलं तर चालतं. बाई खुर्चीच्या कडेला टेकली आणि धक्क्यावरच्या गर्दीकडं पाहत सहज बोलायला लागली, दुपारच्या सुट्टीत धुऱ्यावर बसून बाया बोलतात तशी.

"न्यायले आला होता तो. आईची माती झाल्यावर दोनदा आला. चांगला मानूस होता, खोटं कायले बोलू? म्या म्हटलं, लहानीले संग आनतो. त्याची माय म्हने, तुले नेतो, तिले नाई. दुसऱ्याची पोट्टी कोन पोसन? मंग म्या नाई गेली."

"त्यानं टाकलं नाई तुले?"

"तो काहून टाकन? म्याच नाई गेली." ती हसली. "लोकाईले म्हनू देल्लं, टाकली म्हनून. पोट्टीच्या कानावर खरं गेलं असतं तं तिले वाटलं असतं ना, का तिच्यापाई माहं घर मोडलं. लहान जीव हाय. कायले तिच्या डोक्यावर ओझं?"

खाली कोणीतरी सामानाची चाकं खडखडवत नेत होतं. मी टेबलाची कड धरून बसले होते. सगळा जन्म मी त्या माणसाला शिव्या दिल्या होत्या, मनातल्या मनात, ज्यानं माझ्या बहिणीला टाकलं त्याला.

"वाईट वाटते का कधी?" मी विचारलं. 

"कायचं वाईट? शाळेत जाते पोट्टी. लय हुशार हाय. तोंडाळ हाय पन, कोनाले ऐकत नाई." बोलता बोलता तिचा चेहरा जरा उतरला. लुगड्याचा काठ बोटांनी चोळत ती म्हणाली, "एकच भेव वाटते, मालकीनबाई. शिकून मोठी होईन, हापिसात जाईन, खुर्चीवर बसन. मंग मले ओळखन का नाई, कोन जाने."

"ओळखन," मी म्हटलं.

"तुमाले काय मालूम?"

"मले मालूम आहे, बाई. ओळखन ते तुले."

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. मी तोंड जरा पुढं केलं. पण ती फक्त मालकिणीच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही, एवढंच पाहत होती. मग तिला पटलं असावं. तिनं मान हलवली, उठली, पदर डोक्यावरून घेतला.

"मंग जाऊ मी?"

"जा," मी म्हटलं. "लवकर जा. पोरगी वाट पाहून राहिली."